प्रॅक्टिसच्या दिवशीची भाकर

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई देवाधर्माचं सांगता सांगता भांडायला का लागल्या. जन्मभर बालवाडीच्या मुलांची नाकं पुसली, बुटांच्या नाड्या बांधल्या आणि रिटायर झाल्यावर आमच्या नेरुळच्या चर्चमधला सगळ्यात लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. घेतला म्हणजे भांडूनच घेतला.

भांडण्याचं कारण पाठांतर. पाच-पाच वर्षांची पोरं हाताची घडी घालून रांगेत बसायची आणि प्रार्थना घडाघडा म्हणायची. अर्थ विचारला की आढ्याकडे बघायची. मला कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरने पूर्वी एक वेगळी पद्धत दाखवली होती. लहान मुलाला देवाबद्दल सांगत बसायचं नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर वेदीवर जे जे हाताळतात, त्याची छोटी छोटी खरी भांडी मुलाच्या हातात द्यायची. आपण एकदा करून दाखवायचं, हळू आणि न बोलता. मग मागे सरकायचं आणि तोंड बंद ठेवायचं. यातलं शेवटचं मला फार जड गेलं, ते सोडा.

हॉलच्या वर एक खोली होती. मोडक्या खुर्च्या आणि नाताळच्या गोठ्याचं गवत ठेवायची. ती मी मागून घेतली, झाडून पुसून काढली. मुलांच्या कमरेएवढं टेबल केलं, त्यावर पांढरी चादर, ती झाली वेदी. प्याला, तबक, पाण्याचा आणि द्राक्षारसाचा चंबू, हे सगळं शिरवण्याजवळच्या भांड्यांच्या दुकानातून आणलं, देवपूजेच्या पितळी भांड्यांतून निवडून. दुकानदाराने विचारलं, "ताई, कुठल्या देवासाठी हवंय?" मी म्हटलं, "लहान मुलांसाठी." त्याने आणखी काही विचारलं नाही, एक छोटी समई मात्र वरून दिली.

येशू स्वतःला चांगला मेंढपाळ म्हणतो, त्या गोष्टीसाठी मेंढवाडा आमच्या ह्यांनी केला. पावणे गावातल्या कारखान्यात नोकरी झाली त्यांची, तिथून पॅकिंगची फळकुटं आणली आणि गॅलरीत बसून मेंढपाळ कापला, मेंढ्या कापल्या, दार उघडणारं कुंपण केलं. मेंढ्या सगळ्या डुकरांसारख्या झाल्या. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "मेंढपाळाला ओळखू येतात ना? मग झालं." दर रविवारी मी पिशवी उचलली की ह्यांचं ठरलेलं, "चालली भातुकली खेळायला." मी उत्तर द्यायचे नाही, कारण एका अर्थी ते खरंच होतं.

या खोलीत एक मुलगी आली, तेव्हा ती पाचेक वर्षांची होती. आईचं बोट धरून आली आणि आत शिरताच बोट सोडून टेबलाखाली जाऊन बसली. आई नर्स, वाशीच्या एका दवाखान्यात ड्यूटी. वडील बोटीवर, वर्षातले थोडे दिवस घरी. जन्मताना मुलीचा श्वास अडकला होता. ती बोलत नव्हती आणि पुढेही बोलणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका जागी ठरत नसे. उभी असली तरी डुलायची, हात फडफडवायची, मध्येच पळत सुटायची. तिला किती कळतं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आईलाही नाही.

आईने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "टीचर, मला हिच्याकडून बाकी काही नको," म्हणाली. "शाळेने नाही म्हटलं. डान्स क्लासने दोन दिवस ठेवून नाही म्हटलं. सोसायटीतली मुलं खेळायला घेत नाहीत. मोठी झाली की हिला ख्रिस्तप्रसाद मिळावा, बस. येशूच्या टेबलावरून तरी तिला कुणी उठवू नये."

आमच्यात मूल आठेक वर्षांचं झालं की त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद होतो. मिस्सेत फादर भाकर आणि द्राक्षारस हातात घेऊन येशूचे शब्द उच्चारतात, आणि त्यानंतर ती भाकर भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते, अशी आमची श्रद्धा. भाकर म्हणजे दिसायला पातळ, गोल, पांढरी चकती. ती पहिल्यांदा जिभेवर घेण्याच्या दिवशी मुली पांढरा झगा घालतात, घरी जेवण असतं, सगळे नातेवाईक येतात. पण त्याआधी फादरांची खात्री पटावी लागते की मुलाला समजतंय. बाकीच्या मुलांची खात्री विचारून होते. हिला काय विचारणार? मी आईला म्हटलं, "बघू या. आपल्याकडे वेळ आहे." मनातून मला काहीही सुचलेलं नव्हतं.

कितीतरी रविवार ती टेबलाखालीच होती. मी तिला ओढून काढलं नाही. बाकीची मुलं कामाला लागायची, कुणी मेंढ्या वाड्यात घ्यायचं, कुणी वेदी मांडायचं, आणि खालून दोन डोळे सगळं बघत असायचे. मुलांनी तिला चटकन मान्य केलं. मोठ्यांसारखी कीव वगैरे त्यांच्यात नसते. एक मुलगा तिच्यासाठी टेबलाखाली मेंढी सरकवायचा आणि म्हणायचा, "तुझी घे. नंतर परत ठेवायची हां."

एका रविवारी मी मुलांना प्याल्याचं काम दाखवत होते. फादर प्याल्यात द्राक्षारस ओततात आणि त्यात पाण्याचा एकच थेंब घालतात. मोठ्या माणसांनी शेकडो मिस्सा बघितलेल्या असतात, पण हा थेंब कुणाच्या लक्षात नसतो. मी लाल सरबत ओतलं आणि चमच्याने पाण्याचा थेंब सोडला. मग म्हटलं, "द्राक्षारस म्हणजे येशू. पाणी म्हणजे आपण. आता पाणी बाहेर काढून दाखवा बरं." मुलांनी प्याल्यात डोकी घातली. एकीने चमचा फिरवून पाहिला, एकाने प्याला तिरका केला. शेवटी चार वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, "आता नाय निघणार. आता येशूला सोडून नाय जाता येणार."

मी साठीची बाई, आयुष्यभर चर्चला जातेय, आणि हे मला असं कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात माझ्या पायाला काहीतरी लागलं. ती टेबलाखालून बाहेर आली होती.

ती माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिने चमचा मागितला, म्हणजे माझ्या हातातून काढून घेतला. लाल सरबत ओतलं, फार सांडलं नाही. मग थेंब. मग प्याल्यात नाक घालून बघत राहिली. ते ओतून टाकून पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तास संपला, मुलं खाली गेली, आई न्यायला आली, तरी तिचं चाललंच होतं. आई दारात उभी राहून बघत होती. डुलणं थांबलं होतं. पोरगी स्थिर उभी होती.

"हे कसं केलंत?" आईने मला कुजबुजत विचारलं. मी म्हटलं, "मी काय केलं? मी नुसती बसलेय." आणि ते खरं होतं. त्या खोलीत मला वारंवार वाटायचं की इथे कुणीतरी दुसरंच शिकवतंय आणि मी भांडी धुण्यापुरती आहे.

पुढची वर्षं ती वेदीपाशीच रमली. चादर अंथरायची, मेणबत्त्या ठेवायची, भाकरीचं तबक मधोमध. एकही वस्तू चुकीच्या जागी नाही. माझीच चूक झाली तर माझा हात बाजूला करून ती वस्तू नीट ठेवायची. पण तिला यातलं किती समजतं? हातांना सवय लागली की आणखी काही? मला विश्वास होता. पुरावा मात्र नव्हता.

ती आठ वर्षांची झाली. आईने झगा शिवायला टाकला. आमचे फादर वसईचे, तरुण, स्वभावाने मऊ माणूस. त्यांनी मुलीला इतर मुलांबरोबर बसवलं, प्रॅक्टिसला यायला सांगितलं. "बघू या, टीचर," म्हणाले. माझंच वाक्य माझ्यावर.

प्रॅक्टिस गुरुवारी संध्याकाळी होती. मुलांना चव अनोळखी वाटू नये, कुणी ऐन वेळी तोंड वाकडं करू नये, म्हणून आदल्या आठवड्यात साध्या भाकरी देऊन सराव करून घेतात. साध्या म्हणजे मिस्सेत न वापरलेल्या, नुसत्या पिठाच्या. फादरांनी कपाटातून प्लॅस्टिकचं पाकीट काढलं, मुलांसमोर दातांनी फोडलं आणि एका वाडग्यात ओतलं. मुलं रांगेने आली. "फादर, टेस्टच नाय याला." "पेपरसारखं लागतं." हसणं-खिदळणं चाललं होतं, फादरही हसत होते.

तिची पाळी आली. तिने चकती तोंडात टाकली, कुरूम कुरूम चावली, आणि आवडली तिला. तिने हात पुढे केला. फादरांनी हसून दुसरी दिली. मग तिने सरळ वाडग्यातच हात घातला, मूठ भरली, चिवडा खावा तशा खाऊ लागली. दोन-तीन आईच्या तोंडात कोंबल्या. मुलं पोट धरून हसली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मुलीची मूठ उघडायला पाहिलं तर मुलगी ओरडत पळाली आणि बाकांमधून चकत्यांचा चुरा सांडत गेली.

मुलं घरी गेल्यावर फादरांनी आम्हा दोघींना थांबवलं. त्यांना बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं. "नियम फार काही मागत नाही," ते म्हणाले. "प्रार्थना पाठ नसू देत. बोलता येत नसू दे. पण साधी भाकर कुठली आणि ख्रिस्ताचं शरीर कुठलं, एवढा फरक तिला कळायला हवा. आज जे झालं ते बघून मी मनाला काय सांगू? आपण एक वर्ष थांबू."

आईने आवाज चढवला नाही. तसा चढवला असता तर बरं झालं असतं. "फादर, ती पुढच्या वर्षीही बोलणार नाही," ती म्हणाली. "माझ्या मरणाच्या दिवशीही बोलणार नाही. मग कधी?" आणि जमिनीवरचा चुरा ओढणीने गोळा करू लागली. फादर वाकले आणि तेही गोळा करू लागले. मी उभीच. मला भांडायचं होतं हो. इतकं भांडायचं होतं की कानशिलं तापली होती. पण भांडायला हातात काही असावं लागतं. मी स्वतःच्या डोळ्यांनी तिला मूठ भरताना पाहिलं होतं.

घरी आले तर ह्यांनी विचारलं, "काय झालं? भातुकलीत भांडण?" मी त्यांच्यावर असा आवाज टाकला की बिचारे ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसले. मग थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, "एक सांग. फादर चुकले का?" तेच तर मला माहीत नव्हतं. रडू आलं मला. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात गेलं, असं मी म्हणाले. ते खोटं होतं. कामाचं मला काही नव्हतं, मला त्या पोरीच्या आईचं तोंड डोळ्यांपुढून जात नव्हतं.

रविवारी मराठी मिस्सा होती. चर्च भरलेलं, कडेच्या भिंतीलाही माणसं उभी. आई आणि मुलगी मधल्या रांगेत. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ज्यांनी अजून घेतलेला नाही अशी मुलं आईवडिलांबरोबर पुढे जातात, छातीवर हातांची फुली करतात आणि फादर त्यांच्या डोक्यावर हात ठेवतात. त्या दोघी तशाच निघाल्या. मी त्यांच्या मागे दोन-तीन माणसं सोडून होते. तिच्यापुढे एक म्हातारे आजोबा होते, त्यांचे हात सतत थरथरायचे. फादरांनी त्यांच्या तळहातावर भाकर ठेवली, हात हलला आणि भाकर खाली फरशीवर पडली. बरोबर त्या मुलीच्या पायाशी.

आमच्याकडे ही बारीक गोष्ट नव्हे. प्रार्थना झालेली भाकर ती. गाणारे गात राहिले, पण पुढची सगळी रांग जागच्या जागी थिजली. मला वाटलं, आता ही उचलणार आणि तोंडात टाकणार, गुरुवारसारखी. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिने मुलीचा खांदा धरायला हात टाकला.

त्याआधीच मुलगी खाली बसली होती. गुडघ्यांवर. तिने दोन्ही तळहात फरशीवर उभे टेकले, भाकरीच्या दोन्ही बाजूंना, वारा लागू नये म्हणून आपण दिव्याला आडोसा करतो तसे. भाकरीला बोट लावलं नाही. मागून कुणीतरी न बघता पुढे सरकलं तर तिने अंग वाकवून आपल्या पाठीने त्याला अडवलं. आणि मान वर करून फादरांकडे बघितलं. डुलत नव्हती, हात फडफडत नव्हते. जी मुलगी एक क्षण ठरत नाही, ती फरशीवर इतकी शांत होती की तिच्याभोवतीची मोठी माणसं एकामागून एक गुडघ्यावर आली. कुणी सांगितलं नाही. त्या आजोबांनीही बाकाचा आधार घेऊन गुडघा टेकला.

फादर तिच्यासमोर खाली आले. त्यांनी ती भाकर उचलली आणि स्वतः ग्रहण केली. तिने हात काढले नाहीत. आता त्या जागी काहीच नव्हतं, नुसती फरशी, तरी तिचे हात तिथेच. फादरांच्या ते लक्षात आलं. खरं तर भाकर पडली की ती जागा पाण्याने पुसायची असते, पण गर्दीत हे नंतर करतात. त्यांनी तेव्हाच पाणी आणि पांढरा रुमाल मागवला. तिच्या दोन हातांच्या मधली जागा पाण्याने ओली केली आणि सावकाश पुसली. ते झाल्यावर तिने हात उचलले.

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. भाकर पडली तर काय करायचं, हे आमच्या खोलीत कधीच निघालं नव्हतं. तिच्या आईने शिकवलं नव्हतं, फादरांनीही नव्हतं. मी रांगेत गुडघ्यावर होते. भीती वाटली मला, खरंच सांगते. वाईट भीती नव्हे. आपल्या खोलीत इतकी वर्षं काय घडत होतं, त्याची. आपण पितळेची भांडी मांडत होतो आणि ह्या मुलीची कुणाशी ओळख होत होती, त्याची.

मिस्सेनंतर फादर दारात उभे राहून सगळ्यांना भेटतात. त्या दिवशी ते तिथे थांबले नाहीत. पायऱ्या उतरून थेट आम्हा तिघींकडे आले. अंगावर मिस्सेचा झगा तसाच, गुडघ्यापाशी ओला. मला म्हणाले, "टीचर, गुरुवारी मी तिला काय दिलं होतं?"

"साधी भाकर," मी म्हटलं.

"मी तिच्यासमोर पाकीट फोडलं. दातांनी. ती साधी भाकर होती आणि तिने ती साध्या भाकरीसारखी खाल्ली." त्यांनी मुलीकडे पाहिलं. "बाकीच्या मुलांना मी फरक विचारला. हिने तो करून दाखवला आणि मी तिला थांबायला सांगितलं." मग ते आईकडे वळले. "झगा झाला का शिवून?"

आईने मान हलवली, झाला म्हणून. मग तिच्या चेहऱ्यावर पुन्हा काळजी आली. ख्रिस्तप्रसाद देताना फादर म्हणतात, 'ख्रिस्ताचं शरीर', आणि घेणाऱ्याने 'आमेन' म्हणायचं असतं, म्हणजे होय, माझा विश्वास आहे. त्याशिवाय तो घ्यायचा नसतो, हे प्रत्येक मुलाला आम्ही बजावून सांगतो.

"पण फादर, हिला आमेन म्हणता येत नाही," ती म्हणाली.

मुलगी तेवढ्यात आमच्यातून निसटून मैदानात पळाली होती, हात फडफडवत, कबुतरांच्या मागे. फादर तिच्याकडे बघत राहिले.

"तिने म्हटलंय," ते म्हणाले. "मी ऐकलं."